डेटाबेस क्लस्टरवर बसवताना अडते कोठे?

बँकेतील खात्यांचा हिशेब, इस्पितळातील रुग्णांच्या नोंदी, आगगाडीचे आरक्षण, विजेच्या बिलांची आकारणी, अशी जी कामे तासभर थांबली तरी हजारो माणसांचा खोळंबा होतो, ती एकाच संगणकाच्या हवाली करून निश्चिंत राहता येत नाही. कारण संगणक कितीही उत्तम प्रतीचा असला तरी केव्हा ना केव्हा त्याची डिस्क निकामी होते, वीजपुरवठ्याचा भाग जळतो, किंवा दुरुस्तीसाठी तो आपणहूनच बंद करावा लागतो. या भयातून जी व्यवस्था निर्माण झाली तिला क्लस्टर म्हणतात. तिच्यात दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र बांधलेले असतात, एक प्रत्यक्ष काम करतो, दुसरा तयारीत राहतो, आणि पहिला कोसळला तर दुसरा थोड्याच अवधीत त्याचे काम आपल्या अंगावर घेतो. या हस्तांतरालाच फेलओव्हर हे नाव आहे. परंतु अशा क्लस्टरवर डेटाबेस सर्व्हर प्रथम बसविण्याचे जे काम असते, ते करणाऱ्याला अनेकदा असा अनुभव येतो की दोन्ही यंत्रे धडधाकट आहेत, डिस्क नव्या कोऱ्या आहेत, जाळे सुरळीत चालू आहे, आणि तरीही इन्स्टॉलेशन अगदी शेवटच्या टप्प्यावर येऊन मोडते. हे का घडते, याचे उत्तर यंत्रात शोधू गेल्यास बहुधा सापडत नाही. ते अधिकारांच्या कारभारात सापडते, आणि या लेखाचा विषय मुख्यतः तोच आहे.

ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. कॅलिफोर्नियातील टँडम ही कंपनी १९७६ पासून न थांबणारे संगणक विकत असे. तिच्याकडे काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, संगणक का थांबतात आणि त्यावर उपाय काय, या प्रश्नावर एक अहवाल लिहिला. डेटाबेसमधील व्यवहारांच्या अखंडतेचा शास्त्रशुद्ध पाया घालणाऱ्यांत ग्रे अग्रगण्य होते व त्यासाठी १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. ग्राहकांकडून आलेल्या बंद पडण्याच्या तक्रारींची छाननी करून त्यांनी दाखवून दिले की, नव्या मालाच्या बाल्यावस्थेतील दोष वगळता, १०० पैकी ४२ प्रसंगांचे मूळ व्यवस्थापनात, म्हणजे चालकाच्या कृतीत, जुळणीत आणि देखभालीत होते. सॉफ्टवेअरचा वाटा २५ आणि हार्डवेअरचा केवळ १८ होता. पुढे ग्रे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइज आवृत्तीसाठी १९९७ मध्ये त्या कंपनीने जी क्लस्टर सेवा आणली, जिला तयार होत असताना वुल्फपॅक असे टोपणनाव होते, तिच्या रचनेचे विवेचन करणाऱ्या १९९८ च्या शोधनिबंधाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे. आज मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर ज्या विंडोज क्लस्टरवर बसवला जातो, तो याच सेवेचा वंशज होय, आणि त्याच्या इन्स्टॉलेशनमधील अडचणी पाहिल्या म्हणजे ग्रे यांचे ते निदान अद्याप जुने झालेले नाही, याची खात्री पटते.

अडचण समजण्यासाठी क्लस्टरची घडण थोडी पाहावी लागेल. डेटाबेसच्या फाइली दोन्ही सर्व्हरांना दिसेल अशा सामाईक डिस्कवर ठेवलेल्या असतात, परंतु कोणत्याही क्षणी तिचा ताबा एकाच सर्व्हरकडे असतो. एकाच खतावणीत दोन कारकून एकमेकांस न विचारता नोंदी करू लागले तर हिशेबाची जी गत होईल, तीच दोन सर्व्हर एका डिस्कवर एकदम लिहू लागल्यास डेटाबेसची होते. म्हणून ताब्याची ही शिस्त केवळ समजुतीवर न सोडता डिस्कच्या यंत्रणेतच बंदिस्त केलेली असते. विंडोज सर्व्हर २००८ पासून त्यासाठी स्कझी-३ पद्धतीचे कायम राखीवपण आवश्यक ठरले, आणि ज्या स्टोअरेजला ते जमत नाही ते क्लस्टरच्या पूर्वतपासणीतच नापास होते. दोन्ही सर्व्हर, ज्यांना क्लस्टरच्या परिभाषेत नोड म्हणतात, एकमेकांना साधारण दर सेकंदाला हृदयाच्या ठोक्यासारखा एक अल्पसा संदेश पाठवीत असतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पर्यंत एकाच उपजाळ्यात असे ५ ठोके चुकले की समोरचा नोड गेला असे धरले जाई. २०१६ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १० वर नेली. मधली तार तुटून दोघांनाही दुसरा मेला असे वाटले तर दोघेही धनी होऊ पाहतील, म्हणून बहुमताचा नियम आहे. दोन नोडांना प्रत्येकी एक मत आणि तिसरे मत एका साक्षीदार डिस्कला किंवा सामाईक फोल्डरला, आणि ज्याच्या बाजूला तीनपैकी दोन मते, त्यानेच काम चालवावे.

येथपर्यंत सारे यंत्रांचे झाले. परंतु बाहेरच्या ग्राहकाला, म्हणजे बँकेच्या खिडकीवरील संगणकाला, डेटाबेस आज कोणत्या नोडवर आहे याची खबर असण्याचे कारण नाही. त्याला एकच स्थिर नाव हवे असते. यास्तव क्लस्टर डेटाबेससाठी एक स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र आयपी पत्ता निर्माण करतो, जे कोणत्याही एका यंत्राचे नसतात, आणि ज्या नोडकडे काम जाईल त्याच्याकडे तेही जातात. या नावाचा संगणक प्रत्यक्षात कोठेच उभा नाही. तथापि जाळ्यावरील प्रत्येकाला तो खरा संगणक मानावा लागतो, आणि तसे मानले जावे म्हणून संस्थेच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सर्व संगणकांची आणि माणसांची जेथे अधिकृत नोंद असते त्या मध्यवर्ती दप्तरात, त्याच्या नावे एक संगणक-खाते उघडावे लागते. ते खाते कोणी उघडायचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण इन्स्टॉलेशनच्या अपयशांपैकी एक फार मोठा वर्ग याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. प्रथम प्रशासक दोन नोडांचा क्लस्टर तयार करतो. त्या वेळी क्लस्टरच्या स्वतःच्या नावाचे खाते डिरेक्टरीत उघडले जाते, आणि ते प्रशासकाच्या अधिकाराने उघडले जाते. प्रशासक संपूर्ण डोमेनचा, म्हणजे डिरेक्टरीच्या साऱ्या कक्षेचा, अधिकारी असेल तर येथे काहीच अडत नाही. त्यानंतर तो एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप सुरू करतो, पहिल्या नोडवर नवीन फेलओव्हर क्लस्टर इन्स्टॉलेशनचा पर्याय निवडतो, नाव, पत्ता, डिस्क, सेवेचे खाते ही सर्व माहिती भरतो, नियमांच्या सगळ्या तपासण्या हिरव्या होतात, फाइली उतरवून घेतल्या जातात, प्रगतीची पट्टी जवळजवळ शेवटाला पोचते, आणि मग संदेश येतो: एसक्यूएल सर्व्हर हे संसाधन चालू करता आले नाही, कारण ते ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या संसाधनांपैकी एक किंवा अधिक अयशस्वी झाली. नवखा माणूस येथे डेटाबेसच्या सेवेचा पासवर्ड तपासतो, सेटअपची प्रत बिघडली असावी असे समजून ती पुन्हा उतरवून घेतो, क्वचित सर्व्हरच नव्याने उभारतो. वस्तुतः संदेशाने खरे तेच सांगितलेले असते, फक्त ते साखळीच्या शेवटच्या कडीपासून सांगितलेले असते. डेटाबेसची सेवा नावावर आणि डिस्कवर अवलंबून आहे, नाव आयपी पत्त्यावर अवलंबून आहे. म्हणून उलट दिशेने जाऊन, आयपी पत्ता चालू झाला काय, मग नाव चालू झाले काय, असे एकेक विचारीत जावे. फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्ये पाहिले तर पत्ता हिरवा आणि नाव लाल असे दृश्य दिसते, आणि विंडोजच्या घटनांच्या नोंदीत ११९४ या क्रमांकाखाली त्याचे कारण स्पष्ट लिहिलेले असते: या नावाचे संगणक-खाते डोमेनमध्ये निर्माण करता आले नाही, प्रवेश नाकारला गेला.

येथे प्रशासक बुचकळ्यात पडतो. मला तर सर्व अधिकार आहेत, मग मला कोणी नाकारले, असे त्याला वाटते. उत्तर असे की त्याला कोणीच नाकारलेले नाही, कारण या वेळी अर्जदार तो नाहीच. डेटाबेसच्या नावाचे खाते उघडण्याचा अर्ज डिरेक्टरीकडे क्लस्टर स्वतःच्या नावाने करतो. सेटअप कोण चालवीत आहे याची डिरेक्टरीला त्या अर्जापुरती गरजही नसते आणि कल्पनाही नसते. ज्या विभागात क्लस्टरचे खाते आहे त्या विभागात नवी संगणक-खाती उघडण्याची मुखत्यारी क्लस्टरच्या खात्याला कोणी दिलेली नसेल, तर अर्ज नामंजूर होतो. मोठ्या संस्थांत सर्व्हर सांभाळणारे आणि डिरेक्टरी सांभाळणारे लोक वेगवेगळ्या खात्यांत, कधी वेगवेगळ्या शहरांत असतात, आणि ही मुखत्यारी द्यावयाची राहून जाते, ती कोणा एकाच्या हयगयीने जाते असेही म्हणता येत नाही. दोघांच्याही कामाच्या यादीत ती लिहिलेलीच नसते.

या ठिकाणी आणखी एक बारकावा आहे. डिरेक्टरीच्या मूळ मांडणीत डोमेनमधील कोणत्याही अधिकृत खात्याला १० पर्यंत संगणक-खाती उघडण्याची मुभा असते. त्यामुळे जेथे ही मुभा कायम ठेवलेली आहे तेथे क्लस्टरवरील पहिली काही नावे कोणतीही विशेष परवानगी नसताना सुरळीत निर्माण होऊ शकतात, आणि मर्यादा भरली की वर्षानुवर्षे चाललेली रीत एकाएकी बंद पडते. दुसरीकडे, सुरक्षेचा कटाक्ष असलेल्या संस्था ही मुभा शून्यावर आणतात, आणि तो निर्णय योग्यच आहे. पण मग तेथे पहिल्याच नावाला अडथळा येतो. एकाच सेटअपने एका कचेरीत काम फत्ते व्हावे आणि दुसऱ्या कचेरीत तेच नेमके फसावे, याचा उलगडा पुष्कळदा येथे होतो.

उपाय दोन आहेत. एक, क्लस्टरच्या खात्याला त्या विभागात संगणक-खाती निर्माण करण्याचा हक्क द्यावा. दुसरा, डिरेक्टरीच्या अधिकाऱ्याने डेटाबेसच्या नावाचे खाते आधीच हाताने उघडून, ते अक्षम स्थितीत ठेवून, त्यावर क्लस्टरच्या खात्याला संपूर्ण नियंत्रण द्यावे, म्हणजे सेटअप चालेल तेव्हा क्लस्टर ते आपल्या ताब्यात घेऊन सक्षम करील. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. त्यात एक कागद जास्त फिरवावा लागतो हे खरे, पण कोणाला नेमके किती दिले याची रुजुवात पुढे केव्हाही करता येते, आणि नाव पंधरा अक्षरांहून लांब नाही ना, ते दुसऱ्या कोणी आधीच घेतलेले नाही ना, हेही त्या निमित्ताने पाहिले जाते. याच्या उलट, अडचण आली की क्लस्टरच्या खात्यालाच डोमेन प्रशासकांच्या गटात दाखल करून मोकळे व्हावे, असा जो तोडगा घाईच्या वेळी काढला जातो, तो मला सर्वथा गैर वाटतो. त्या रात्रीपुरते काम होते. पण एका यंत्राच्या खात्याला साऱ्या संस्थेच्या किल्ल्या दिलेल्या राहतात, आणि त्या परत घेण्याची आठवण नंतर कोणालाही होत नाही.

नावाच्या संदर्भात डीएनएसचाही उल्लेख केला पाहिजे. डिरेक्टरीत खाते उघडले तरी नाव आणि आयपी पत्ता यांची जोडी डीएनएसमध्ये नोंदवली जावी लागते, आणि त्याच नावाची एखादी जुनी नोंद, जिची मालकी दुसऱ्या खात्याकडे आहे, तेथे शिल्लक असली तर क्लस्टरला ती बदलता येत नाही. पूर्वी फसलेल्या प्रयत्नाचे अवशेष असे नव्या प्रयत्नाच्या वाटेत उभे राहतात. तसेच, अनेक संस्थांत न वापरलेली संगणक-खाती वेळोवेळी काढून टाकण्याचा रिवाज असतो. ज्याला खरे यंत्र नाही अशा नावाचे खाते त्या साफसफाईत गेले, तर चालू असलेला डेटाबेस काही काळ चालत राहतो आणि पुढच्या फेलओव्हरच्या वेळी नाव चालू होण्यास नकार मिळतो. म्हणून त्या खात्याच्या वर्णनात हे कोणत्या क्लस्टरचे आहे ते लिहून ठेवावे.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. विंडोज सर्व्हर २०१२ वर एसक्यूएल सर्व्हर २०१२ बसवताना, क्लस्टर चालू असूनही तो चालू नाही असे सेटअपची तपासणी सांगते, ते क्लस्टर ऑटोमेशन सर्व्हर नावाचा एक जुन्या पद्धतीचा घटक नव्या विंडोजमध्ये आपोआप बसवला जात नाही म्हणून. तो जोडला की तक्रार नाहीशी होते. २०१४ पर्यंतच्या आवृत्त्यांना डॉटनेट ३.५ लागते, आणि २०१२ पासूनच्या विंडोज सर्व्हरमध्ये त्याच्या फाइली डिस्कवर उपलब्ध नसल्याने त्या विंडोजच्या मूळ माध्यमातून द्याव्या लागतात. दुसऱ्या नोडची रिमोट रजिस्ट्री सेवा बंद असली, किंवा मधल्या फायरवॉलने नोडांचे आपसातील बोलणे रोखले, तरी तपासणी थांबते. निवडण्यासाठी डिस्कच दिसत नसेल तर ती क्लस्टरमध्ये जोडलेली आहे काय आणि तिचा ताबा आपण जेथे सेटअप चालवीत आहोत त्याच नोडकडे आहे काय, एवढे पाहावे.

यांपैकी कोणते कारण लागू आहे हे ठरवण्यासाठी पुरावा वाचावा लागतो, आणि पुरावा सेटअप स्वतःच लिहून ठेवतो. सेटअप बूटस्ट्रॅप या फोल्डरातील लॉग नावाच्या जागी प्रत्येक प्रयत्नाची तारीखवेळ घातलेला एक वेगळा फोल्डर तयार होतो. त्यातील समरी फाइलीत निकाल असतो आणि डिटेल फाइलीत संपूर्ण जबानी. डिटेल फाइल हजारो ओळींची असते, पण ती पहिल्या ओळीपासून वाचण्याचे कारण नाही. शेवटून वर जात पहिला अपवाद कोठे नोंदला गेला ते शोधावे, आणि त्याची वेळ टिपून ठेवावी. मग त्याच वेळेस क्लस्टरने आपल्या लॉगमध्ये काय लिहिले ते पाहावे. येथे भारतात काम करणाऱ्याने विशेष सावध राहिले पाहिजे, कारण क्लस्टरचा लॉग मुळात ग्रीनिच वेळेने लिहिला जातो आणि सेटअपचा लॉग स्थानिक वेळेने. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी सेटअप फसला असेल तर त्याचे कारण क्लस्टरच्या लॉगमध्ये संध्याकाळच्या ६ वाजून १० मिनिटांपाशी सापडेल. हे साडेपाच तासांचे अंतर लक्षात न आल्यामुळे माणूस दुसऱ्याच कोणत्या तरी निरुपद्रवी ओळींवर डोके खपवीत बसतो. गेट-क्लस्टरलॉग या आज्ञेला स्थानिक वेळ वापरण्याची सूचना देता येते, आणि ती द्यावी.

कारण सापडले आणि दूर केले, तरी लगेच सेटअप पुन्हा चालवणे योग्य नसते, कारण फसलेल्या प्रयत्नाने अर्धवट डेटाबेस, क्लस्टरमधील एक गट आणि रजिस्ट्रीतील नोंदी मागे ठेवलेल्या असतात. क्लस्टर मॅनेजरमधून तो गट हाताने पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास सेटअपच्या नोंदीत डेटाबेस आहे आणि क्लस्टरच्या नोंदीत नाही, अशी विसंगती उत्पन्न होते, आणि पुढचे निस्तरणे मूळ अडचणीहून कठीण होऊन बसते. सेटअपमध्येच नोड काढून टाकण्याचा जो पर्याय आहे, त्यानेच ही मोडतोड उचलावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि मग नव्याने प्रारंभ करावा.

पहिला नोड उभा राहिला म्हणजे निम्मे काम झाले. एसक्यूएल सर्व्हर २००५ पर्यंत एकदा चालवलेला सेटअप सर्व नोडांवर आपणच फाइली पोचवीत असे. त्यात एका नोडवर काही बिनसले तर सगळेच अधांतरी राही. २००८ पासून प्रत्येक नोडवर जाऊन त्याला स्वतंत्रपणे सामील करून घ्यावे लागते, आणि श्रम वाढले तरी हा बदल हिताचा झाला, कारण कोणत्या नोडवर काय चुकले ते तेथल्या तेथे कळते. मात्र दुसरा नोड सामील झाला म्हणजे तो काम चालवू शकेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्याचे एक उदाहरण टेम्पडीबी या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसचे आहे. २०१२ च्या आवृत्तीपासून तो सामाईक डिस्कवर न ठेवता प्रत्येक नोडच्या स्वतःच्या वेगवान डिस्कवर ठेवता येतो, आणि पुष्कळ लोक वेगासाठी तसे करतात. सेटअप त्या वेळी, हाच फोल्डर दुसऱ्या प्रत्येक नोडवरही असला पाहिजे, अशी ताकीद देतो. पण तो फोल्डर सेटअप स्वतः तेथे निर्माण करीत नाही, आणि ताकीद वाचणाराही ती पुढे ढकलून देतो. पहिल्या नोडवर सर्व काही उत्तम चालते. महिन्यांनी पहिला नोड कोसळतो, डिस्क, पत्ता आणि नाव दुसऱ्या नोडवर नीट पोचतात, पण डेटाबेसची सेवा मात्र सुरू होताहोता मरते, आणि तिच्या एररलॉगमध्ये ५१२३ या क्रमांकाची तक्रार दिसते: टेम्पडीबीची फाइल निर्माण करताना तो मार्गच सापडला नाही.

म्हणून इन्स्टॉलेशन पुरे झाल्याचे कळवण्यापूर्वी सेवा दुसऱ्या नोडवर मुद्दाम हलवून पाहावी. ५१२३ च्या ओळीत विंडोजचा त्रुटी क्रमांक ३ असेल तर फोल्डर नाही, ५ असेल तर फोल्डर आहे पण सेवेच्या खात्याला त्यात लिहिण्याचा हक्क नाही. त्याप्रमाणे दुरुस्ती करून सेवा तेथे उभी राहिली, की तिच्या नावाने एखाद्या तिसऱ्याच संगणकावरून जोडणी करावी, एखादी नोंद लिहून परत वाचावी, मग सेवा पहिल्या नोडवर परत आणून तेच पुन्हा करावे, आणि त्यानंतरच ग्राहकांचे अर्ज त्या नावाकडे वळवावेत.